आपल्या पाण्याची चव कशी पारखावी आणि ती कुठून आली हे कसे शोधावे

कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे निघाले की पाण्याची चव बदलत जाते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या झऱ्यांचे पाणी हलके आणि गोड लागते. शहरातील नळाच्या पाण्याला काही दिवशी क्लोरीनचा वास येतो आणि काही दिवशी येत नाही. हातकणंगले आणि शिरोळ भागातील अनेक बोअरचे पाणी जड लागते, तर क्षारपड जमिनीतल्या विहिरींचे पाणी सरळ मचूळ असते. शुद्ध पाण्याला चव नसते असे आपण शाळेत शिकलो आणि ढोबळमानाने ते खरेही आहे, परंतु बॅटरीत घालायचे ऊर्ध्वपातित पाणी आपण पीत नाही आणि आपल्यापर्यंत पोहोचणारे कोणतेही पाणी तितके रिकामे नसते. पाण्याची म्हणून जी चव आपण ओळखतो, ती त्यात विरघळलेल्या क्षारांची, वायूंची आणि अत्यल्प सेंद्रिय द्रव्यांची असते. ही द्रव्ये पाणी वाटेत गोळा करते, म्हणून वाट बदलली की चव बदलते.

चवीचे कारण शोधायचे असेल तर ही वाट उलट दिशेने चालत जावे: आधी आपले तोंड, मग पेला आणि भांडे, मग गच्चीवरची टाकी, मग नळाची वाहिनी, मग शुद्धीकरण केंद्र, मग नदी किंवा धरण आणि शेवटी दगड व जमीन. चव बिघडल्याचे जाणवताच शुद्धीकरण यंत्राच्या दुकानात जाणारी माणसे या वाटेवरचे एकही ठिकाण तपासत नाहीत, आणि अनेकदा केवळ टाकी धुऊन भागणाऱ्या कामासाठी हजारो रुपये खर्च करतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. चवीवरून पाण्याचे मूळ कळते, पाण्याची सुरक्षितता कळत नाही. कावीळ, विषमज्वर किंवा गॅस्ट्रो पसरवणारे जंतू पाण्यात असले तरी चव बदलत नाही. खतांमधून झिरपलेले नायट्रेट आणि काही भागांतील खडकातून येणारे फ्लोराइड यांचाही जिभेला पत्ता लागत नाही. याउलट किंचित क्लोरीनचा वास येणारे पाणी चवीला डावे असले तरी जंतूंच्या बाबतीत अधिक भरवशाचे असते. म्हणून खाली सांगितलेल्या सर्व चाचण्या पिण्यायोग्य असल्याची खात्री असलेल्या पाण्यावरच कराव्यात. विहिरीच्या किंवा झऱ्याच्या पाण्याबद्दल शंका असल्यास तुलनेची दोन्ही पाणी उकळून, त्याच पद्धतीने थंड करून घ्यावीत. जे पाणी उकळणे शक्य नाही त्याचा केवळ वास घ्यावा.

तोंड आणि पेला

आपल्या लाळेत मीठ आणि इतर क्षार असतात आणि जीभ त्यांना सरावलेली असते. पाण्यातील क्षार लाळेपेक्षा फार कमी असले तर पाणी बेचव किंवा किंचित कडवट लागते, जास्त असले तर खारट लागते. याशिवाय पाण्याच्या आधी काय खाल्ले यानेही चव पालटते. आवळा खाल्ल्यावर प्यायलेले पाणी गोड लागते हा प्रत्येकाचा अनुभव आहे. त्या वेळी पाण्यात काहीच बदललेले नसते. दात घासल्यावर, चहानंतर, तिखट जेवणानंतर किंवा तंबाखू, सुपारी खाल्ल्यावर पाण्याची परीक्षा करू नये. सकाळी चूळ भरून, काहीही न खाता किंवा खाऊन तासभर झाल्यावर ती करावी.

तापमान हे दुसरे कारण आहे. थंड पाण्यात वासाची द्रव्ये कमी उडतात आणि जीभही मंदावते, त्यामुळे फ्रिजमधील पाण्याचे दोष झाकले जातात. फ्रिजचे पाणी आणि नळाचे पाणी यांची तुलना करून नळाला नावे ठेवणे हा अन्याय आहे. तुलनेची सर्व पाणी रात्रभर एकाच खोलीत झाकून ठेवावीत, म्हणजे त्यांचे तापमान सारखे होईल.

पेले काचेचे आणि एकसारखे असावेत. भांडी घासण्याच्या पावडरीचा किंवा लिक्विडचा वास पेल्याला राहतो, म्हणून ते नुसत्या गरम पाण्याने दोन-तीनदा विसळावेत. आधी वास घ्यावा: स्वच्छ बाटली निम्मी भरावी, झाकण लावून जोराने हलवावी आणि झाकण काढताच नाकाजवळ धरावी. कोमट पाण्यात हा वास अधिक स्पष्ट होतो. त्यानंतर लहान घोट घ्यावा, तो जिभेवर सर्वत्र फिरवावा आणि काही क्षण थांबावे, कारण मॅग्नेशियम आणि सल्फेटची कडवट चव उशिराने आणि जिभेच्या मागच्या भागावर जाणवते, तर मिठाची चव लगेच कळते.

आपल्याला खरोखर फरक कळतो की केवळ समजूत आहे, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. घरातील दुसऱ्या व्यक्तीने तीन पेले भरावेत, त्यांतील दोन पेल्यांत एकच पाणी आणि तिसऱ्यात दुसरे पाणी असावे, आणि पेल्याखाली कागदावर खूण ठेवावी. चाखणाऱ्याने वेगळा पेला कोणता ते सांगायचे. नुसत्या अंदाजानेही तीनपैकी एकदा उत्तर बरोबर येणारच, म्हणून पेल्यांची जागा बदलून ही चाचणी अनेकदा करावी आणि बहुतेक वेळा उत्तर बरोबर आले तरच फरक खरा मानावा. एवढी खटपट कशाला, असे वाटू शकते. परंतु पाण्याच्या बाबतीत समजूत फार बळकट असते आणि बाटलीवरचे लेबल दिसले की जीभ डोळ्यांचे ऐकू लागते.

भांडे, टाकी आणि नळ

नव्या माठातील पाण्याला मातीचा वास येतो आणि तो अनेकांना आवडतो. तो नको असेल तर माठ पाण्याने भरून दोन दिवस ठेवावा, पाणी ओतून द्यावे आणि पुन्हा भरावे. जड पाणी असलेल्या घरात माठाची छिद्रे क्षारांनी बुजतात, बाहेरच्या बाजूला पांढरट थर येतो आणि पाणी पूर्वीसारखे गार होत नाही. असा माठ बाहेरून काथ्याने घासावा आणि तरीही गारवा येत नसेल तर बदलावा. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याला धातूची चव येते, आणि पाणी आम्लधर्मी असेल तर ती वाढते. त्या भांड्यात लिंबाचे सरबत किंवा ताक ठेवू नये.

उकळून गार केलेले पाणी सपक लागते, कारण उकळताना त्यात विरघळलेली हवा निघून जाते. ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून चार-पाच वेळा ओतले की हवा पुन्हा मिसळते आणि चव सुधारते. आजीच्या वेळेपासून चालत आलेली ही रीत आजही उपयोगी आहे; फक्त दोन्ही भांडी स्वच्छ आणि कोरडी असावीत.

टाकीचा दोष ओळखण्यासाठी पाणी सुटण्याच्या वेळी थेट मुख्य वाहिनीवरच्या नळाचे पाणी एका बाटलीत भरावे आणि टाकीतून येणाऱ्या नळाचे पाणी दुसऱ्या बाटलीत भरावे. पहिले चांगले आणि दुसरे कुबट किंवा प्लास्टिकसारख्या वासाचे असेल, तर कारण आपल्याच गच्चीवर आहे. उन्हात तापणाऱ्या टाकीत क्लोरीन लवकर संपतो, तळाशी गाळ साचतो आणि झाकण सैल असेल तर उजेडाने शेवाळ धरते. टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन, ते पाणी सोडून देऊन पुन्हा भरावी. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर हे करणे मला किमान वाटते.

वाहिनीचा दोष वेळेवरून कळतो. रात्रभर बंद राहिलेल्या नळाचे पहिले पाणी आणि पाच मिनिटे वाहू दिल्यानंतरचे पाणी वेगवेगळ्या पेल्यांत घ्यावे. पहिल्या पाण्याला लोखंडाची, शाईसारखी चव असेल आणि नंतरच्या पाण्याला नसेल, तर घरातील जुना जीआय पाइप गंजला आहे. दोन्हीला सारखीच चव असेल तर कारण घराबाहेर आहे. लोखंडाची शंका चहानेही तपासता येते: दूध न घालता फिका चहा करावा आणि नेहमीच्या चहाशी त्याचा रंग ताडून पाहावा. पाण्यात लोह बरेच असेल तर ते चहातील टॅनिनशी संयोग पावते आणि चहा काळपट, शाईच्या छटेचा होतो. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह असले की कपड्यांवर आणि भांड्यांवर तांबूस डागही पडू लागतात.

क्लोरीनचा वास

शहरातील पाण्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा क्लोरीनची असते. भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० : २०१२ नुसार, ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असला पाहिजे, आणि विषाणूंपासून संरक्षण आवश्यक असेल तेव्हा ०.५ मिलिग्रॅम. शेवटच्या घराला एवढा पोहोचवायचा तर सुरुवातीला अधिक टाकावा लागतो, कारण वाटेत तो खर्च होत जातो. म्हणूनच उंच टाकीच्या जवळच्या गल्लीत वास जास्त येतो आणि वाहिनीच्या टोकाला असलेल्या घरात जवळजवळ येत नाही. एकाच केंद्राचे पाणी पिणाऱ्या दोन वस्त्यांत चव वेगळी लागण्याचे हे सर्वांत साधे कारण आहे. गावांमध्ये टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, हाताने टाकली जाते तिथे एखाद्या दिवशी मात्रा जास्त होणे आणि दुसऱ्या दिवशी कमी होणे यामुळे चव रोज बदलू शकते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचे द्रावण असते. त्याचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे आणि रंग आलाच नाही तर नाही. ही तपासणी आपल्या समोर करून पाहण्याचा आग्रह नागरिकांनी जरूर धरावा.

वास घालवण्यासाठी पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात भरून पातळ स्वच्छ कापडाने झाकावे आणि काही तास ठेवावे. घाई असेल तर लिंबाच्या रसाचे काही थेंब पुरतात, कारण क जीवनसत्त्व क्लोरीनला निष्प्रभ करते. परंतु क्लोरीन गेलेल्या पाण्याला संरक्षण उरत नाही, म्हणून ते त्याच दिवशी संपवावे आणि त्यात हात किंवा दुसरे भांडे न बुडवता ओघराळेच वापरावे.

औषधासारखा किंवा दवाखान्यासारखा वास येत असेल तर तो केवळ क्लोरीनचा नसतो. कुजलेला पाला, काही प्रकारचे पाइप व रंग यांतून येणारी फिनॉलवर्गीय द्रव्ये क्लोरीनशी संयोग पावून क्लोरोफिनॉल बनतात आणि ती अत्यल्प प्रमाणातही जिभेला जाणवतात. असा वास फक्त आपल्या घरी येत असेल तर नवीन बसवलेला पाइप किंवा नळाला जोडलेली रबरी नळी पाहावी. साऱ्या गल्लीत येत असेल तर पाणीपुरवठा विभागाला कळवावे.

धरण, नदी आणि ऋतू

२०२३ च्या दिवाळीपासून काळम्मावाडीच्या दूधगंगा धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात येऊ लागले. त्याआधी शहराची मुख्य भिस्त शिंगणापूर आणि बालिंगा येथून उचलल्या जाणाऱ्या नदीच्या पाण्यावर होती, आणि थेट पाइपलाइनमध्ये अडचण आली की आजही जुन्या उपशाकडे वळावे लागते. धरणातून थेट आलेले पाणी आणि भोगावती-पंचगंगेच्या पात्रातून वाहत आलेले पाणी यांची चव एकसारखी असण्याचे कारण नाही. पात्रातील पाणी शेतांमधून निचरा झालेले पाणी, गाळ, पाला आणि काठच्या गावांचे सांडपाणी सोबत घेत येते. चवीची वही ठेवणाऱ्याने त्या दिवशी पाणी कोणत्या उपशाचे होते हे वर्तमानपत्रातून किंवा विभागाकडून माहीत करून घेऊन लिहावे, म्हणजे अनेक कोडी सुटतात.

ऋतूंचा परिणाम त्याहून मोठा असतो. मृगाचा पाऊस सुरू झाला की कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती तांबडे पाणी घेऊन येतात. गढूळपणा बसवण्यासाठी तुरटी किंवा तत्सम द्रव्य अधिक वापरावे लागते, सेंद्रिय द्रव्ये क्लोरीन खाऊन टाकतात म्हणून क्लोरीनही वाढवावा लागतो, आणि नळाच्या पाण्याला वर्षातील सर्वांत तीव्र वास जून-जुलैमध्ये येतो. विरोधाभास असा की याच महिन्यांत पाण्यातील क्षार सर्वांत कमी असतात, कारण नदीत पावसाचे ताजे पाणी असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्यावर शहराला टँकरचे पाणी प्यावे लागले, तेव्हा एका टँकरचे पाणी गोड आणि दुसऱ्याचे जड लागत असे. प्रत्येक टँकर वेगळ्या विहिरीवर किंवा बोअरवर भरला की असेच होणार.

उन्हाळ्यात दुसरा दोष येतो. उथळ, तापलेल्या साठ्यात नीलहरित शैवाल आणि काही सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांच्यापासून जिओस्मिन नावाचे द्रव्य पाण्यात उतरते. पहिल्या वळवाच्या पावसानंतर जमिनीचा जो गंध दरवळतो त्यात हेच द्रव्य असते. माणसाचे नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे. एका लिटरमध्ये ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतके पाच-दहा अंश असले तरी ते ओळखू येते. अंगणात हवाहवासा वाटणारा हा गंध पेल्यात आला की लोक पाणी टाकून देतात. जिओस्मिन स्वतः अपायकारक नाही आणि क्लोरीनने ते जात नाही. कार्बन असलेल्या घरगुती फिल्टरने मात्र ते बऱ्याच अंशी कमी होते.

दगड आणि जमीन

इथपर्यंतचे दोष येतात आणि जातात. गावाची कायमची चव दगड आणि जमीन ठरवतात, आणि या बाबतीत आपला जिल्हा अभ्यासायला उत्तम आहे.

गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, आणि शिरोळ तालुक्याला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. पश्चिमेकडच्या डोंगरमाथ्यांवर जांभा दगड आहे. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातील चुना, सोडा आणि मॅग्नेशियम केव्हाच धुऊन नेले आणि न विरघळणारे लोह व ॲल्युमिनियम मागे उरले. राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडी परिसरात बॉक्साइट सापडते ते याच धुलाईमुळे. जांभा सच्छिद्र असतो, त्यात पावसाचे पाणी झपाट्याने मुरते आणि खालच्या अभेद्य थराला लागून कड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. विरघळवण्यासारखे काही उरलेले नाही आणि थांबण्यास वेळही नाही, म्हणून ते पाणी जवळजवळ पावसासारखेच हलके राहते. त्याला लोक गोड म्हणतात ते साखरेमुळे नव्हे, खारट आणि कडवट असे काही नसल्यामुळे.

जांभ्याखाली आणि बाकीच्या बहुतेक जिल्ह्यात काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. जमिनीत मुरणारे पाणी मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्लधर्मी होते आणि बेसॉल्टमधील खनिजांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका हळूहळू विरघळवून घेते. उथळ आडाचे पाणी थोडा काळच खडकाच्या संगतीत असते; खोल बोअरचे पाणी भेगांमधून फिरत दीर्घकाळ मुरलेले असते, म्हणून एकाच आवारातील आड गोड आणि बोअर जड असे पुष्कळदा आढळते. माफक कॅल्शियम बायकार्बोनेट चवीला चांगले असते. जिभेला पाणी भरीव आणि तृप्त करणारे वाटते ते त्यामुळेच, आणि काही विहिरींची कीर्ती पंचक्रोशीत असते तिचे रहस्य बहुधा या प्रमाणातच असते. मॅग्नेशियम वाढले की चव कडवट होते.

पूर्वेकडे आणखी एक घटक येतो, आणि तो माणसाने आणलेला आहे. काळी खोल जमीन, बारमाही ऊस आणि गरजेपेक्षा जास्त पाणी यांमुळे भूजलाची पातळी वर येते, ऊन ते पाणी ओढून घेते आणि क्षार मागे राहतात. शिरोळ, हातकणंगले भागातील क्षारपड जमिनी अशा तयार झाल्या. त्या जमिनीखालच्या विहिरीत सोडियम, क्लोराइड आणि सल्फेट साचतात. क्लोराइड लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की बहुतेकांना खारटपणा कळतो. सल्फेट २५० च्या पुढे कडवट लागू लागते आणि बरेच वाढले तर सवय नसलेल्या पाहुण्याचे पोट बिघडते. युरियातून येणारे नायट्रेट मात्र चव न देता सोबत येते. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यावर कोणतीही सवलत नाही, कारण तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता ते कमी करते. उसाच्या पट्ट्यातील ज्या घरात बाळाची दुधाची पावडर बोअरच्या पाण्यात कालवली जाते, त्या घराने हे पाणी तपासून घेतल्याशिवाय वापरू नये. ते उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटल्यामुळे उलट दाट होते.

आपल्या पाण्यात क्षार किती आणि कोणते याचा अंदाज घरी घेता येतो. काचेच्या स्वच्छ तुकड्यावर झऱ्याच्या, नळाच्या आणि बोअरच्या पाण्याचे सारखे थेंब वेगवेगळे ठेवून वाळवावेत. जितके वर्तुळ पांढरे आणि जाड, तितके क्षार जास्त. बंबात किंवा गिझरच्या कॉइलवर साचलेल्या पापुद्र्याचा खडा काढून त्यावर लिंबू पिळावे. फसफसून बुडबुडे आले तर तो कॅल्शियम कार्बोनेट आहे, म्हणजे पाण्याचा जडपणा उकळल्याने बराच कमी होणारा आहे: उकळून, गार करून, वरचे पाणी निथळून घेतले की चव सुधारते. पापुद्रा फारसा धरत नाही, तरीही साबणाला फेस येत नाही आणि तूरडाळ शिजता शिजत नाही, असे असेल तर जडपणा सल्फेट आणि क्लोराइडचा आहे व उकळून उपयोग नाही. डाळीच्या सालातील आणि पेशींमधील पेक्टिनला कॅल्शियम व मॅग्नेशियम घट्ट करतात, म्हणून जड पाण्यात डाळ टणक राहते. कोल्हापुरी रश्शाची चव परगावी उतरत नाही म्हणून चटणीला दोष देणाऱ्या गृहिणीने एकदा पाण्याकडे पाहावे.

यंत्र घ्यावे की नाही

बाजारात मिळणारा टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. ते क्षार चांगले की वाईट, पाण्यात जंतू आहेत की नाहीत, हे तो सांगू शकत नाही. विक्रेता नळाच्या पाण्यात विजेच्या दोन सळ्या बुडवून पाणी तांबडे-काळे करून दाखवतो तेव्हा तो रंग मुख्यतः सळ्यांच्या धातूचा असतो. त्या प्रयोगाला घाबरून कोणीही यंत्र घेऊ नये.

भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतले जाते. चवीच्या दृष्टीने ६०० च्या आतले पाणी साधारणपणे चांगले लागते आणि १,००० च्या पुढे ते नकोसे होते. ५०० पेक्षा कमी क्षारांच्या पाण्यावर आरओ वापरण्यास बंदी घालावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिला होता, आणि त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे: आरओ यंत्र बरेचसे पाणी वाया घालवते आणि पाण्यातील ९० टक्क्यांहून अधिक क्षार काढून टाकते, त्यात हवेसे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही जाते. सह्याद्रीच्या धरणाचे हलके पाणी नळाला येणाऱ्या घरात आरओ बसवणे मला सर्वथा अनाठायी वाटते. तिथे कार्बनचा साधा फिल्टर आणि जंतूंसाठी अतिनील किरणांचे यंत्र किंवा उकळणे पुरेसे आहे. क्षारपड पट्ट्यातील बोअरवर अवलंबून असलेल्या घराला मात्र आरओ आवश्यक ठरू शकतो. तिथे गाळलेल्या पाण्यात थोडे कच्चे पाणी मिसळणारी यंत्रावरची चावी अशी ठेवावी की बाहेर पडणाऱ्या पाण्यात १५० ते २०० च्या आसपास क्षार राहतील. अगदी २०-३० वर आणलेले पाणी सपक लागते आणि त्याचा चहाही बेताचाच होतो. बोअरमध्ये नायट्रेट जास्त निघाले असेल तर मात्र ही चावी पूर्ण बंद ठेवावी, कारण मिसळलेल्या कच्च्या पाण्याबरोबर तेही परत येते.

प्रयोगशाळेत नमुना देताना

घरच्या चाचण्यांनी दिशा कळते, आकडा कळत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्याची तपासणी होते आणि ग्रामपंचायतीमार्फतही नमुना पाठवता येतो. रासायनिक तपासणीसाठी एक-दोन लिटरची प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी, ती विसळू नये, वर थोडी जागा सोडावी आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. बोअर किंवा हातपंप असेल तर आधी काही मिनिटे पाणी उपसून टाकावे, नाहीतर नमुना खडकातल्या पाण्याचा न होता पाइपातल्या पाण्याचा होतो. उन्हाळ्याच्या अखेरीस एक आणि पावसाळा संपल्यावर एक असे दोन नमुने दिले तर एकाच विहिरीची दोन रूपे समोर येतात.

अहवाल हातात आल्यावर चवीसाठी एकूण क्षार, एकूण कठीणपणा, क्लोराइड, सल्फेट आणि लोह एवढ्या पाच ओळी पाहाव्यात. कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा २०० आणि अन्य स्रोत नसताना ६०० आहे. क्लोराइडची २५० आणि १,०००. सल्फेटची २०० आणि ४००. एकूण क्षार जास्त पण क्लोराइड कमी असेल तर जडपणा खडकाचा आहे, आणि क्लोराइड व नायट्रेट दोन्ही एकदम वाढलेले दिसले तर विहिरीत सांडपाणी किंवा शेतातील निचरा शिरत असल्याची शंका घ्यावी, संडासाच्या शोषखड्ड्यापासूनचे अंतर मोजावे आणि चवीचा विचार बाजूला ठेवून ते पाणी पिणे आधी थांबवावे.